पडद्यावरचं घर

काकांच्या होडीवर नवा जीपीएस बसवला, तेव्हा त्यात घराची खूण करायचं काम माझ्याकडे आलं. मी बटण दाबलं खरं, पण तेव्हा होडी भर समुद्रात होती. त्यामुळे आता आम्ही बंदराकडे वळलो की पडद्यावरचं घर लांब लांब जातं. समोर जेटी जवळ येत असते आणि यंत्र सांगतं, घर मागे राहिलं. कुणाचं खरं मानावं, कळेनासं होतं.

“पुसून टाकू का ती खूण?” मी काकांना विचारलं.

“राहू दे रे. चाळीस वर्षं तिथंच तर गेली.”

म्हणजे काकाही यंत्राच्याच बाजूचे. मग चुकलं कोण, या विचारात मी असतानाच जेटी आली. दोर घ्यायला काकू उभी होती. पडद्यावर घर नऊ मैल दूर होतं. काकांनी त्यावर हळूच पंचा टाकला.