दादाच्या मागून चालणारा क्लिक

स्टुडिओत त्याला सगळे साउंडवाला म्हणत, आणि त्याचा थोरला भाऊ, दादा, म्हणे छोट्या. डोक्यावरचे केस गेले, चष्म्याचा नंबर वाढला, तरी आपला छोट्याच. त्याला त्याचं कधी काही वाटलं नाही. ज्याने बोट धरून तालमीला नेलं, मांडीवर थापट्या मारून ठेका शिकवला, त्या माणसाने काहीही म्हणावं.

दादा ड्रम वाजवायचा. कसा वाजवायचा म्हणून काय विचारता! गाणारा लयीतून घसरला, की दादा नुसत्या वाजवण्याने त्याला कानाला धरून जागेवर आणायचा. तोंड मात्र तिखट. ठेका मोजणाऱ्या मेट्रोनोमचं नाव काढलं, की म्हणायचा, ते यंत्र माझ्याकडून शिकलंय.

पण आता वय झालं होतं. गाणं अर्ध्यावर आलं की हात जड व्हायचे, लय हळूच मागे पडायची. आणि यातली वाईट गोष्ट अशी, की मागे पडणाऱ्याला ते कळत नाही. बाकी सगळ्यांना कळतं.

साउंडवाल्याला पहिल्यांदा कळलं एका जाहिरातीच्या गाण्याच्या वेळी. दोन खोल्या, मधे काच, भिंतींना राखाडी फोम, रेकॉर्डिंग म्हणून एसी बंद, सगळे घामाने निथळतायत. सॉफ्टवेअरमधल्या मेट्रोनोमची टकटक त्याने नेहमीसारखी वेगळ्या ट्रॅकवर रेकॉर्ड केली होती आणि दादाच्या हेडफोनमध्ये सोडली होती. यालाच क्लिक म्हणायचं. क्लिक सरळ पुढे जात होता आणि दादा मागे राहत होता. गिटारवाला छताकडे बघू लागला. दादा म्हणाला, तुझा कॉम्प्युटर पळतोय, छोट्या.

तेव्हाच सांगायचं होतं. पण जीभ रेटेना. त्याने भलतंच केलं. दादाला म्हणाला, एकदा क्लिकशिवाय वाजव, आवाज बघतो. ते वाजवणं गुपचूप रेकॉर्ड केलं, सॉफ्टवेअरला दादाच्या ठोक्यांच्या मागून चालायला लावलं, आणि जिथे दादा सैल पडला तिथे सैल पडणारा नवा क्लिक रेकॉर्ड केला. तो कानात गेल्यावर दादा असा चपखल बसला म्हणून सांगू! खुशीत काचेतून अंगठा दाखवला. पुढे तेच चालू राहिलं. बाकीचे दादाच्या ड्रमवर वाजवायचे, गाणी ठीक व्हायची. कुणाचं काय बिघडलं, असं तो स्वतःलाच समजावायचा. समजूत काही पटायची नाही. दादाने पाठ थोपटली की याला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

मग एका मोठ्या नाटकाचा संगीत संयोजक स्टुडिओत आला. व्हायोलिनं कॉम्प्युटरवरून वाजणार, सोबत ड्रम रंगमंचावर, म्हणजे क्लिकवर पक्का माणूस हवा. दादाला हे काम मनापासून हवं होतं. बरीच वर्षं त्याला रंगमंचावर कुणी बोलावलंच नव्हतं. संयोजकाने साउंडवाल्याला विचारलं, हे क्लिकवर कसे आहेत? दादा शेजारीच बसला होता, चेहरा पोरासारखा उजळलेला.

"एक नंबर," साउंडवाला म्हणाला.

तालमीला तो मागच्या रांगेत जाऊन बसला. पहिलं गाणं अर्ध्यावर आलं आणि व्हायोलिनं पुढे निघून गेली. थांबवलं, पुन्हा सुरू केलं, पुन्हा तेच. संयोजक काही लागट बोलला नाही, त्यामुळे तर जास्तच लागलं. दादा स्टुलावरून उठला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, की तुमच्या मशीनमध्ये गडबड आहे, माझा भाऊ मला रोज क्लिकवर रेकॉर्ड करतो, तो मागे बसलाय, त्याला विचारा. सगळ्या माना वळल्या. मशीन एकदा बघायला हवं, साउंडवाला म्हणाला. एवढं बोलून तो बुटांकडे बघत बसला. संयोजकाला सगळं कळलं होतं, हे त्याला न बघताही कळलं. घरी सराव करून या, परत बघू, असं म्हणून संयोजकाने तालीम आवरली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दादा स्टुडिओत हजर. मला क्लिक रेकॉर्ड करून दे म्हणाला, सराव करतो. साउंडवाल्याने सरळ क्लिक रेकॉर्ड केला. आतल्या खोलीत दादाने हेडफोन चढवून वाजवून पाहिलं आणि अर्ध्यावर काड्या थांबवल्या.

"हा नको रे. तुझा नेहमीचा लाव."

"नेहमीचा..." साउंडवाल्याने काचेपलीकडे आवाज पोचवायचं बटण दाबलं होतं, ते त्याने सोडलं आणि पुन्हा दाबलं. शेवटी म्हणाला, "दादा, नेहमीचा क्लिक मी तुझ्याच वाजवण्यावरून बनवायचो. तू सैल पडलास की तोही पडायचा."

दादाने काड्या मांडीवर ठेवल्या. मग त्याने विचारलं, कधीपासून? जाहिरातीच्या गाण्यापासून, हा म्हणाला. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं त्याला झालं होतं.

"काल एवढ्या लोकांत मी तुझं नाव घेतलं, छोट्या," दादा म्हणाला. आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं.

साउंडवाल्याला वाटलं, आता उठून जाईल. दादाने मात्र शर्टाच्या बाहीने तोंड पुसलं, हेडफोन नीट केले आणि काड्या उचलल्या.

"सरळवाला लाव. आणि या वेळी मागे पडलो की सांग."

त्याने लावला. दादा छान निघाला, अगदी पूर्वीसारखा, आणि क्षणभर याला वाटलं, सांगायची वेळच येणार नाही. मग अर्ध्यावर हात जड झाले. काचेपलीकडे दादा वाजवत होता आणि याच्याकडेच बघत होता. साउंडवाल्याने बटण दाबलं.

"मागे पडलास, दादा," तो म्हणाला.