उघाडीच्या फळ्या

हे आजवर माझ्या तोंडून बाहेर पडलेलं नाही. बायकोपाशीही नाही. तुझ्यापाशी बोलतोय — बोलू दे.

हिरादादाचा उजवा हात तू पाहिलायस ना? माझा थोरला चुलतभाऊ. हात कोपरापासून वाकडा, चहाचा कपसुद्धा धरवत नाही. गावानं मारलं, असं सगळे सांगतात. पहिला दांडका मी घातला, हेही सांगतात — आणि वर कौतुक करतात, की रघूनं भाऊ असून गावाची बाजू घेतली. कौतुक! अंगाची आग होते माझ्या.

आमची शेतं अंजूरच्या पुढे, खाडीला लागून. बांधात उघाडी असते — पाणी सोडायचं दार म्हण. भरतीच्या वेळी फळ्या घालून ती बंद करायची, नाहीतर खारं पाणी भातात शिरतं. ते काम दादाचं. त्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर पाऊस कोसळला. वरच्या आळीचं कापलेलं भात शेतातच रुजलं. त्यांचे पंचनामे झाले, सरकारी मदत मिळणार म्हणून नक्की झालं. आमचं भात उशिराचं, उभं होतं, वाचलं. मग मला काय? ठेंगा. घरात खायला नव्हतं का? होतं की. रस्त्याकडच्या गोदामाचं भाडंही येत होतं. पण त्यांना फुकटचं मिळतंय आणि आपल्याला नाही — एवढ्यावरून डोकं फिरलं माझं.

संध्याकाळी दादानं आणि मी मिळून फळ्या बसवल्या. एक सैल होती, ती त्यानं दगडानं ठोकून घट्ट केली. मग तो जेवायला घरी गेला. मी — मी नाही गेलो. पहारीनं उपसल्या त्या. एकेक करून, मीच. वाटलं, आपलं शेत भिजेल, तेवढंच. खाडी काय माझं ऐकणार होती? सकाळी खाडीकाठच्या सगळ्यांचं भात खाऱ्या पाण्यात आडवं पडलेलं.

माणसं दादाच्या अंगणात घुसली. पिऊन पडला असशील, फळ्या घातल्याच नसशील, म्हणाली. कुणीतरी त्याला केसांना धरून ओट्यावरून खाली ओढलं. वहिनी आडवी आली, तिलाही ढकललं. तेवढ्यात त्याला गर्दीत मी दिसलो. आणि त्याचा चेहरा — एकदम निवांत झाला रे. आता सुटलो, असा.

"रघू, सांग ना यांना. तू व्हतास ना माझ्यासंगती?"

मी दांडका उचलला. रागानं? नाही. त्यानं पुढं बोलू नये म्हणून. कोपरावर बसला. हाड मोडल्याचं मला ऐकू आलं, तरी परत मारला — तोंडावर. मग बाकीच्यांनी हात धुऊन घेतले.

आमचेही पंचनामे झाले. मदत आली. मी घेतली.

जमिनी खारावल्या, भात धरेना. आता तिथंही गोदाम आहे आणि दादा त्याच्या गेटवर बसतो. परवा त्यानं हाक मारली, डाव्या हातानं चहा पुढं केला. आता विचारणार, वाटलं. तो हळूच म्हणाला,

"फळ्या घातल्याचं आठवतं रं मला. पन माझीच चूक आसंल. न्हायतर तू कशाला मारशील मला?"

अजूनही सांगता आलं असतं. समोर फक्त तो होता, दुसरं कुणी नव्हतं.

मी चहा संपवला आणि म्हटलं, "हां दादा, तुझीच."