पाराला पाय न लावता

झाडावर चढायला मला कुणी शिकवलं न्हाई. माहेरी शेळ्या होत्या, शेळ्यांना पाला लागायचा आणि पाला काय आपणहून खाली येत नसतो. परकर खोचून मी लिंबावर चढायची, बाभळीवर चढायची, काटे अंगात घेऊन उतरायची. गावातल्या एकाही माणसाला त्यात काही वावगं दिसलं न्हाई. शेळ्यांसाठी चढणारी पोरगी गुणाची असते. बोंब सुरू झाली ती लग्नानंतर, त्याच चढण्याचे मी पैसे घ्यायला लागले तेव्हा.

आमचा धंदा झाडांचा. घरावर आलेल्या फांद्या काढायच्या, वाळकं लाकूड दोरानं खाली सोडायचं, आंब्याला कीड लागली तर औषध करायचं. धाराशिव शहरात आणि आसपास आम्ही फिरतो. चढते मी. मालक, म्हणजे माझा नवरा, टेम्पो चालवतात, गिऱ्हाइकाशी गोड बोलतात आणि खाली दोर धरतात. त्यांना माळ्यावरचा डबा काढायला स्टुलावर उभं केलं तरी गरगरतं. तरीपण गिऱ्हाईक नमस्कार त्यांनाच करतं, आणि मी घामानं भिजून खाली उतरले की मला म्हणतं, "बाई, पाला तेवढा झाडून घ्या."

हल्ली कॉलेजच्या, दवाखान्याच्या आवारातलं काम हवं असलं तर प्रमाणपत्र लागतं. पुण्याची एक संस्था ते देते. ते नसलं की काम मशीनवाल्याला जातं, आणि तो झाडाचं मुंडण करून हात झटकून निघून जातो. असं हातातोंडाशी आलेलं कॉलेजचं काम माझ्यासमोर गेलं. मग मी चिडून पुण्याला जाऊन लेखी परीक्षा दिली आणि पास झाले. राहिली प्रत्यक्ष चढायची परीक्षा. ती घ्यायला परीक्षक आमच्याच गावी, येडशीजवळ, येणार होते. त्यात नापास झालं की लेखीसकट सगळं पहिल्यापासून.

परीक्षक आले. तरुण होते, गोरेपान, दर वाक्याला "मॅडम". मी शेतातला लिंब दाखवला. ते म्हणाले, उंची कमी आहे, शिवाय वाळकी फांदी हवी. "मॅडम, गावात मोठं झाड कुठलं?" मला तोंड उघडायची गरजच पडली न्हाई. आमचा पिंपळ गावात कुठूनबी दिसतो. साहेब थेट तिकडं चालायला लागले आणि मी त्यांना थांबवायला मागं धावले.

कारण पिंपळ आहे मारुतीच्या देवळाजवळच्या पारावर, आणि आमच्या गावात बाई पाराला पाय लावत न्हाई. का लावत न्हाई, ते कुणालाच ठाऊक न्हाई. ठाऊक असतं तर कुणी वाद घातला असता, मोडलंबी असतं. पारावर गावातले वडीलधारे बसतात आणि त्यांच्यात पहिला मान माझ्या सासऱ्यांचा. सकाळी न्याहारी करून जातात ते जेवायलाच उठतात. वाळकी फांदी नेमकी त्यांच्या डोक्यावर होती.

सासरे म्हणाले, "साहेब, झाड बघा, फोटो काढा. पण बाई पारावर न्हाय यायची."

"पण परीक्षा त्यांचीच आहे."

"मग आमचं पोरगं चढंल की. नवरा-बायको काय येगळी असत्यात व्हय?"

पोरगं माझ्या मागं उभं होतं. त्याचं तोंड पांढरं पडलं.

साहेबांनी पिशवीतून नियमांचं पुस्तक काढलं. झाडावर चढायचे शंभर नियम त्यात असतील, पण त्यांना सापडला एकच: स्थानिक भावनांचा आदर करावा. ते हळू आवाजात म्हणाले, "मॅडम, आपण 'प्रयत्न केला नाही' असं लिहू. पुढच्या वर्षी बघू." माझं डोकंच सणकलं. शेंड्यावरनं खाली बघून ज्या बाईला कधी भीती वाटली न्हाई, तिनं म्हणे प्रयत्न केला न्हाई.

मी म्हणाले, "काही लिहू नका. मी रस्त्यावरनंच चढते."

पिंपळाची एक दणकट फांदी रस्त्यावर आलेली आहे. आमच्या धंद्यात वजनाची छोटी पिशवी बांधून बारीक दोरी वर फेकतात, तिच्यामागून जाड दोर ओढून घेतात आणि त्या दोरावरनं चढतात. खोडाला हातसुद्धा लावावा लागत न्हाई. हे कळल्यावर पारावर खल सुरू झाला. एकजण म्हणाले, वर गेल्यावर ती पाराच्या डोक्यावरच येणार की. दुसऱ्यांनी विचारलं, मग वरची हवा पारात धरायची का? धरावी, असं बहुमत व्हायला लागलं. तेवढ्यात आमचे मालक, जे वडिलांसमोर कधी ब्र काढत न्हाईत, ते म्हणाले, "वर बगळ्याच्या माद्याबी बसत्यात. त्यांचं काय करायचं?"

खल परत सुरू व्हायच्या आत मी पिशवी फेकली.

चढण्याआधी बुंधा तपासायचा असतो. लाकडी हातोडीनं ठोकायचं, पोकळ वाजतो का ऐकायचं. ते पारावर गेल्याशिवाय होत न्हाई, म्हणून साहेबांनीच बूट काढून ते केलं आणि ठीक आहे म्हणून मला सांगितलं. मग ते पारावरच्यांकडं वळले. "आता सगळ्यांनी खाली उतरा. फांदीखाली माणूस असला तर परीक्षा होत नाही." साहेबाचा नियम म्हटल्यावर सगळे उठले. माझ्यामुळं कुणी उठलं नसतं. धोतरं सावरत सगळे उन्हात रस्त्यावर येऊन उभे राहिले.

वर गेल्यावर मला लई बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. देवळाचं छप्पर वरनं पहिल्यांदाच बघितलं. त्यावर तंबाखूच्या रिकाम्या पुड्यांचा खच पडला होता. त्यानं देव बाटत नसावा. वाळकी फांदी कापली, दोराला लावली, मालकांनी ती अलगद रस्त्यावर उतरवली. मी पास झाले.

प्रमाणपत्र आलं, माझ्या नावाचं, शिक्क्याचं. गावानं सत्कार ठेवला. कुठं? पारावर. माइकवर नाव माझं घेतलं, शाल मालकांच्या खांद्यावर घातली, नारळ त्यांच्या हातात दिला. मी खाली बायकांत उभी. घरी आल्यावर त्यांनी शाल माझ्यापुढं ठेवली आणि म्हणाले, "मला तिथं काय बोलावं सुचलं न्हाई." मी म्हणाले, "बगळ्यांच्या वेळी सुचलं होतं की." 

पुढं पिंपळाची दुसरी फांदी वाळली, पहिलीपेक्षा जाड, आणि तीबी सासऱ्यांच्या बसायच्या जागेवर. सासरे जेवताना म्हणाले, "सूनबाई, तेवढी काढून टाक."

"मामा, बुंधा ठोकून बघितल्याबिगर चढता येत न्हाई. त्या दिवशी साहेबांनी बघितला. आता मलाच बघावा लागंल."

 सकाळी त्यांनी पोराला हातोडी घेऊन पारावर नेलं. मालकांनी चारी बाजूंनी ठोकलं आणि येऊन सांगितलं, "मला सगळं सारखंच वाजतंय." सासऱ्यांनी माझ्याकडं बघितलं, मग पाराकडं बघितलं, आणि म्हणाले, "मग ऱ्हाऊ दे."

ती फांदी अजून तिथंच आहे. यंदा कॉलेजचं काम मला मिळालं. रोज सकाळी टेम्पो पारापाशी आला की मी थांबवायला लावते आणि रस्त्यावरनं हाक मारते, "मामा, जरा अलीकडं सरका." ते सरकतात. माझं एवढं मात्र ऐकतात. ते नीट सरकलेत का ते मी बघते, आणि मग परक्या लोकांच्या डोक्यावरच्या फांद्या काढायला निघून जाते.