सतरापर्यंतचा गुणाकार

सेमीकोलन सरांच्या पोटात दुखायला लागलं ते शेजारच्या लॅबमधून हसण्याचे आवाज यायला लागले तेव्हापासून. बावीस वर्षं ते कॉलेजात पहिल्या वर्षाला सी ही कॉम्प्युटरची भाषा शिकवत होते. आधी वहीत पेन्सिलीने प्रोग्रॅम लिहायचा, ओळीओळीला आकडे मांडून तपासायचा, मगच कीबोर्डला हात लावायचा, हा त्यांचा खाक्या. ओळीच्या शेवटचा एक सेमीकोलन राहिला की अर्धा मार्क कापणार. नाव त्यावरूनच पडलेलं. त्यांच्या लॅबमध्ये कोणी हसल्याचं कोणाला आठवत नव्हतं.

शेजारी नव्या मॅडम पायथन ही दुसरी भाषा शिकवायच्या. सरांच्याच एकेकाळच्या विद्यार्थिनी. मुलं सुट्टीतही त्यांच्या टेबलाभोवती घुटमळायची. सर मुद्दाम त्या दारावरून जायचे आणि जळफळत परत यायचे.

"अहो, तिला शिकवलंत तुम्हीच ना?" बायको म्हणाली. "मग कौतुक करायचं सोडून तोंड का पाडून बसता?"

"पाच ओळींत सगळं उरकते ती. त्याला काय शिकवणं म्हणतात?"

पुढच्या वर्षापासून पहिल्या वर्षाला एकच भाषा राहणार होती, कोणती ते विभागाच्या बैठकीत ठरणार होतं. सी गेली तर सरांचा वर्ग गेला, मग हजेरीपट आणि बिघडलेले प्रिंटर सांभाळत बसायचं. म्हणून सरांनीच प्रस्ताव ठेवला, की दोन्ही तुकड्यांना बैठकीसमोर एकच गणित घाला. गणितही त्यांनीच निवडलं: एकपासून सतरापर्यंतच्या आकड्यांचा गुणाकार. वर्गात ते दरवर्षी दहापर्यंतच करून दाखवत. यंदा मॅडमना दिपवायचं होतं, म्हणून सतरा.

मॅडमच्या विद्यार्थ्याचं पंधरा आकडी उत्तर आलं. सरांच्या विद्यार्थिनीनेही बटण दाबलं. पडद्यावर उणे अठ्ठावीस कोटी आणि वर काही.

सगळे अधिक चिन्हाचे आकडे गुणून उत्तर उणे. कोणीतरी खोकलं. सरांच्या लगेच लक्षात आलं, एवढा आकडा मावेल अशी जागाच प्रोग्रॅममध्ये मागितलेली नाही. त्यांनीच शिकवलेला प्रोग्रॅम होता तो, दहापर्यंतचा. आपल्याच हाताने ते तोंडावर पडले होते.

तेवढ्यात मॅडम उठल्या. फळ्यावर ओळीने चौकोन काढून त्या सांगायला लागल्या. "सी आकड्याला ठरावीकच जागा देते. ती भरून वाहिली की चिन्हसुद्धा उलटतं. पायथन परस्पर जागा वाढवून घेतं, म्हणून माझ्या मुलांना आत काय चाललंय याचा पत्ताच नसतो. मला हे सरांनी शिकवलं होतं. पहिल्या वर्षाला सीच हवी."

बैठकीतली पिकल्या केसांची माणसंसुद्धा माना डोलवत होती. मधेच हसलीही. तिने मला हरवलं असतं तर परवडलं असतं, असं सरांना वाटलं. इतकं सोपं करून सांगणं त्यांना बावीस वर्षांत एकदाही जमलं नव्हतं.

"ठरलं तर," विभागप्रमुख खूश होऊन म्हणाले. "सीच ठेवू. आणि मॅडम, पहिलं वर्ष तुम्हीच घ्या. सर, तुमची हरकत नाही ना?"

"छे, हरकत कसली," सर म्हणाले.

बाहेर पडताना मॅडमनी त्यांना दारात गाठलं. "सर, तुमच्या त्या शिकवायच्या जुन्या वह्या मिळतील का? त्यांच्याशिवाय मला नाही जमणार."

"कधीच रद्दीत गेल्या," सर म्हणाले, आणि वह्यांनी जड झालेली पिशवी त्यांनी मॅडमच्या बाजूच्या खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेतली.