पान एकेचाळीस

साहेबांनी माझ्या हातातून पुस्तक काढून घेतलं. मग खिशातून रुमाल काढला आणि त्याचं कव्हर पुसलं.

माझे हात धुतलेले होते. बोटांवर काळे डाग होते ते आंब्याच्या चिकाचे. ते साबणाने जात नाहीत, हंगाम संपला की हळूहळू जातात. पावस गावात आंबे पॅक करणाऱ्या आमच्या शेडमध्ये प्रत्येक बाईचे हात असेच असतात. साहेबांना हे माहीत होतं. तरी त्यांनी पुसलं. सावकाश, सगळ्यांसमोर.

"हे वाचायचं काम आमचं," ते म्हणाले. "तुम्ही लोक बघून शिकता. मी दाखवीन तेवढी तीन बटणं दाबायची. बास."

दोघीतिघी हसल्या. मीही हसले. त्या हसण्याची लाज अजून जात नाही.

आंब्यांची वर्गवारी करता करता अकरा हंगाम त्या शेडची वही मी सांभाळली. कुठल्या बागेतून किती क्रेट आले, कुठल्या पेटीत कुणाचा आंबा गेला. याद्या करायची सवय मला पहिल्यापासून. बारावी झाले आहे. इंग्रजी हळू वाचते, पण वाचते. ह्या वर्षी शेठनी वही बंद केली आणि ऑफिसच्या खोलीत कॉम्प्युटरवर सॉफ्टवेअर आणलं. कंपनीचा माणूस एक दिवस शिकवून गेला, जाताना जाडजूड पुस्तक ठेवून गेला. तेच मी उचललं होतं. ते कपाटात गेलं. किल्ली साहेबांकडे.

साहेब म्हणजे मॅनेजर, शेठचे मेहुणे. त्यांनी ते पुस्तक एकदाही उघडलं नाही. "मॅन्युअल कसलं वाचता? हात मारत बसायचं, येतं आपोआप." आणि खरंच हात मारत बसायचे. एकदा सकाळपासूनच्या सगळ्या नोंदी उडाल्या, तर स्वतःच हसले. "शिकतोय हो अजून!" क्रेटवरच्या चिठ्ठ्या बघून त्या नोंदी मी परत भरल्या.

मी एकदाच चौथं बटण दाबून पाहिलं. लेबलं दोनदा छापून आली.

"अक्कल घरी ठेवून येता का, मावशी?" शेडच्या टोकापर्यंत ऐकू गेलं.

करून बघत शिकणं वाईट नाही. भाकरी मी तशीच शिकले. पण करून बघायला चुकायची मुभा लागते. ती त्यांना होती, मला नव्हती. मला पहिल्याच वेळी बरोबर यायला हवं होतं. मग वाचण्याशिवाय माझ्याकडे होतं काय?

स्क्रीनच्या कोपऱ्यात एक प्रश्नचिन्ह होतं. ते दाबलं तर तेच पुस्तक उघडलं. पानाला पान. कपाटाला कुलूप लावून काही उपयोग नव्हता, आणि कुलूप लावणाऱ्याला ते माहीतही नव्हतं.

जेवणाच्या सुट्टीत साहेब बाहेर जायचे. तेव्हा मी रोज दोन पानं वाचायची. अडलेला शब्द मोबाइलवर बघायचा, वहीत मराठीत लिहून ठेवायचा. वर्गवारीला माझ्या शेजारी बसणारी शेवंती दारातून डोकावायची.

"काय गो बाय, भाकरी सुकली तुझी. परीक्षेला बसणारेस की काय?"

"बसणारेय. तू पण बस."

"नको गो. ते इंग्रजी ऐकलं की मला पोपट बोलतोय असं वाटतं."

पान एकेचाळीसवर 'मर्ज' होतं. दोन बागांचा माल एका नंबरावर आणायचा. खाली ठळक लिहिलं होतं, एकदा केलं की परत वेगळं होत नाही, आणि त्याला मॅनेजरचा पासवर्ड लागतो. मी लाल पेनाने लिहून घेतलं. साहेबांना सांगितलंही.

"मावशी, आता तुम्ही मला शिकवणार?"

आठवड्यातच त्यांनी ते बटण दाबून पाहिलं. दोन बागांचा आंबा एक झाला. लेबलं छापली गेली, पेट्यांवर चिकटली. असा माल परदेशी जात नाही. कुठला आंबा कुठल्या बागेचा हे सांगता यावं लागतं. गाडी फाटकात उभी असताना ते लक्षात आलं. शेठ धावत आले.

साहेबांनी मला आत बोलावलं. शेठच्या देखत माझ्यापुढे कोरा कागद ठेवला.

"लिहा. 'माझ्या हातून चुकून बटण दाबलं गेलं.'"

"मी नाही दाबलं."

"अहो, तुमच्यावर कोण रागावणार आहे? तुम्ही कॉम्प्युटरला नवीन. सही करा, विषय संपला."

माझा विषय संपणार होता. सही केली असती तर पुन्हा मी त्या खोलीत पाऊल टाकू शकले नसते. आणि माझ्यामागे शेडमधली दुसरी कुणीही टाकू शकली नसती. नाव माझं, पण दाखला सगळ्याजणींसाठी दिला गेला असता.

मी कागद बाजूला सारला, प्रश्नचिन्ह दाबलं आणि पान एकेचाळीस उघडलं. इंग्रजीत वाचलं, अडखळत. मग मराठीत सांगितलं. "शेठ, ह्याला मॅनेजरचा पासवर्ड लागतो. तो मला कधी दिलेला नाही. मी सही करणार नाही."

शेठनी वाकून ते पान पाहिलं.

मग शेठ मेहुण्यांकडे वळले. "जाऊ दे. शिकताना होतं." आणि माझ्याकडे बघून, "तुम्हीही जरा सांभाळून बोलत जा."

शिकताना होतं. हे वाक्य शेचाळीस वर्षांत मला कुणी म्हटलेलं नाही. शाळेत नाही, सासरी नाही, कामावर नाही.

दुसऱ्या दिवशी मला परत वर्गवारीला बसवलं. हंगाम तसाच संपला. दमले आहे, खोटं कशाला बोलू. पण राहिलेली पानं वाचायचं मी थांबवलं नाही. शेवंतीची पुतणी कॉलेजात आहे, तिच्या मोबाइलवर कंपनीच्या साइटवरून ते पुस्तक मिळालं. पूर्ण मराठीत उतरवून झालं. आता रविवारी शेवंती आणि आणखी चौघी माझ्या पडवीत बसतात आणि वाचतात.

पुढच्या हंगामाआधी आम्ही सहाजणी शेठकडे जाणार आहोत. मागणी एवढीच, प्रत्येकीला स्वतःच्या नावाचा पासवर्ड, पुस्तक टेबलावर उघडं, आणि चूक झाली तर जिची तिच्या नावावर, साहेबांचीही. नाही म्हणाले तर आंबा उतरेल त्या दिवशी शेडमध्ये आमच्यातली एकही नसेल. हे मी शेठना तोंडी सांगणार नाही. लिहून देणार आहे, खाली सहा सह्या करून.