रामहरी आबा शेवट सांगत नाहीत

रामहरी आबांच्या तोंडात तीळ भिजत नाही, हे लोणी देवकरच्या अलीकडच्या गावांत कुणालाही विचारा. माणूस अगदी लाखमोलाचा. चहाडी, लावालावी असलं काही त्यांना जमत नाही. त्यांचा घोटाळा वेगळा आहे. चांगली गोष्ट कळली की ती एकट्यानं जवळ ठेवणं त्यांना चोरी केल्यासारखं वाटतं. आपल्या डाळिंबाच्या बागेत माल किती धरलाय हे इंदापूर तालुक्यात बाप लेकाला सांगत नाही. लोक बांधावर काळं फडकं टांगतात, विचारलं तर 'यंदा काय खरं न्हाय' म्हणतात. आबा मात्र रस्त्यानं जाणाऱ्याची मोटरसायकल थांबवून त्याला बागेत नेणार, फांदी खाली वाकवून दाखवणार, वर चहा पाजणार. एका व्यापाऱ्यानं सांगितलेला भाव दुसऱ्याला त्यांनी इतक्या प्रेमानं सांगितलाय की फुलाबाईंनी, म्हणजे त्यांच्या मंडळींनी, बोलणी चालू असताना त्यांना गोठ्याकडे पाठवायची पद्धतच पाडली.

इथवर सगळं हसण्यावारी गेलं असतं. पण गेल्या वर्षी एक गोष्ट झाली आणि आबांचं हसू आटलं.

त्यांची सून वृषाली मोरगावची. शिकलेली, कमी बोलणारी, दुपारी गावातलं सार्वजनिक वाचनालय सांभाळणारी. तिला तेव्हा दिवस गेले होते. अजून दुसराच महिना होता. मुलगा सुयोगनं आईला सांगितलं आणि फुलाबाईंनी आनंदाच्या भरात, नको तेच केलं, आबांना सांगितलं. दुसऱ्या दिवशी आबा फवारणीचं औषध आणायला इंदापूरला गेले ते दुकानात, स्टँडवर, वाटेतल्या रसवंतीवर पेढे वाटतच परत आले. आणि पुढच्या पंधरवड्यात सगळं संपलं. पेढे चार गावांत पोचले होते, पुढची बातमी पोचली नव्हती. त्यामुळे कितीतरी दिवस बायका वृषालीला वाटेत थांबवून, हसून, कितवा लागला म्हणून विचारत राहिल्या. ती प्रत्येकीला खरं काय ते सांगायची आणि घरी येऊन भाकरी थापायला बसायची.

आबांना ती एका शब्दानं बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं. त्यानंतर घरातली कुठलीही गोष्ट आबांपर्यंत शेवटी यायला लागली. सुयोगला कारखान्यात सुपरवायझर केलं, हे त्यांना दूधवाल्याकडून कळलं. आबांनी त्या दिवशी अर्धीच भाकरी खाल्ली. कुणावर रागावण्याची सोय नव्हती. त्यांना आता एवढंच हवं होतं, की या पोरीनं कधीतरी आपण होऊन येऊन आपल्याला काहीतरी सांगावं. काहीही चाललं असतं.

यंदा डाळिंबाचा हस्त बहार, म्हणजे पावसाळ्यानंतरचा फुलोरा, धरला आणि झाडांची पानगळ सुरू असतानाच आबा शेततळ्याच्या प्लास्टिकच्या कागदावरून घसरले. पाणी कमी होतं म्हणून वाचले, पण पाय मोडला. आबांसारख्या माणसाला प्लास्टर घालून ओट्यावर बसवणं म्हणजे शिक्षाच. दोन दिवसांत त्यांनी येणाऱ्याजाणाऱ्याला बोलून बोलून सळो की पळो केलं. तेव्हा वृषालीनं वाचनालयातलं एक पुस्तक त्यांच्या मांडीवर आणून ठेवलं. हलकीफुलकी रहस्यकथा, कुण्या बंगल्यातल्या बाईचा हार चोरीला जातो तसली. आबांनी आयुष्यात खतांच्या माहितीपत्रकापलीकडे काही वाचलं नव्हतं. त्यांनी ते पुस्तक दुपारच्या जेवणाला धरलं ते दिवेलागणीला संपवूनच खाली ठेवलं, आणि हाक मारून दुसरं मागितलं.

झालं. ओट्यावरून गावाला चोरांची नावं कळायला लागली. हार माळ्यानं न्हेला न्हाय, खुद्द वकिलानं न्हेला. विष दुधात न्हवतं, पानात हुतं. लखनच्या केशकर्तनालयात हेच, दूध घालायला आलेल्या पोरांत हेच. वाचनालयाचे आधीच मोजके असलेले वाचक नेलेली पुस्तकं न वाचताच परत आणून द्यायला लागले. एका मास्तरांनी तर निम्म्यात सोडलेलं पुस्तक वृषालीच्या टेबलावर ठेवलं आणि तुमच्या सासऱ्यांना आवरा, एवढंच म्हणाले.

वृषाली घरी आली आणि आबांच्या समोर बसली. पुस्तकं बंद, असं ती म्हणेल याची आबांना खात्री होती. ती म्हणाली, "आबा, यापुढचं पुस्तक एका अटीवर. वाचून झालं की चार ओळी लिहून द्यायच्या. पुस्तक कसं आहे ते सगळं सांगायचं, शेवट सांगायचा नाही. मी ते वाचनालयाच्या फळ्यावर तुमच्या नावानं लिहीन."

हा तोच फळा, ज्याच्यावर वर्षानुवर्षं सुविचार लिहिला जातो आणि कुणी वाचत नाही. त्यावर आपलं नाव येणार म्हणताच आबा सरसावून बसले. पहिल्या खेपेला त्यांनी लिहिलं, 'पुस्तक झकास. स्वयंपाक्यावर संशय घेऊ नये.' वृषालीनं ते परत केलं. दुसऱ्या खेपेला लिहिलं, 'डॉक्टर फार चांगला वाटतो, पण.' तेही परत आलं. आबा घामाघूम झाले. नांगर ओढणं सोपं, पण माहीत असलेली गोष्ट गिळून तिच्या आजूबाजूचं लिहिणं, हे काम त्यांच्या बापजाद्यांनी केलं नव्हतं. तिसऱ्या खेपेला मात्र जमलं: 'सुरुवातीला नुसती नरफुलं, देखावा फार, फळ नाही. चाळीस पानं गळू द्यावीत. मग सेटिंग होते, फळ धरतं आणि माणूस जेवायचा विसरतो. शेवट गोड आहे. विचारू नये. रामहरी.'

डाळिंबवाल्यांच्या गावाला ही भाषा बरोबर कळली. लोक फळ्यापाशी थांबायला लागले. एका जाड पुस्तकाखाली 'पाणी जास्त झालंय, फळ तडकलं' असं लिहिलेलं दिसलं, तेव्हा ते का तडकलं हे बघायला तिघांनी नंबर लावला. बागेत फुलं आली, गाठी धरल्या, आबांचं प्लास्टर निघून हातात काठी आली, तरी दर आठवड्याला फळा नवा होत राहिला. आणि जे कुणाला खरं वाटलं नसतं ते होत गेलं. आबांनी तोंडात गुळणी धरली. लखननं तर पैज लावली होती. त्यानं आबांच्या एका गालाची दाढी केली, दुसऱ्याला साबण लावला आणि वस्तरा हातात धरून खुनी कोण ते विचारलं. आबा तसेच उठले आणि अर्ध्या दाढीनं भर रस्त्यानं काठी टेकत घरी आले.

खरी परीक्षा घरातच झाली. संध्याकाळी आबा फुलाबाईंना पुस्तक वाचून दाखवायचे. गोष्ट एका विधवा बाईच्या घराशी येऊन ठेपली होती, पुढचं दुपारी आबांनी एकट्यानं वाचून टाकलं होतं, आणि फुलाबाईंना राहवेना. त्यांनी शेवट विचारला. आबा नाही म्हणाले. त्यांनी पुन्हा विचारला, मग रागावल्या, मग भांडी आपटली. सगळ्या जगाला सगळं सांगत आलात आणि बायकोपाशीच तुमाला कुलूप घालायचं सुचलं का, म्हणाल्या. दोन दिवस त्यांनी आबांना चहा दिला नाही. आबा हिरमुसले, काठीनं जमीन उकरत बसले, पण त्या विधवेबद्दल अक्षर बोलले नाहीत. संध्याकाळचं वाचन मात्र चुकलं नाही; रोज दहा पानं ऐकत तिसऱ्या दिवशी फुलाबाई शेवटाला पोचल्या आणि इतक्या हसल्या की चहा दोनदा झाला. वृषाली हे सगळं स्वयंपाकघरातून ऐकत होती.

त्यानंतर चार दिवसांनी, बागेत फळ फुगायला लागलं होतं तेव्हा, दुपारी ती वाचनालयाची किल्ली हातात घेऊन आबांजवळ ओट्यावर बसली. फुलाबाई शेतात होत्या, सुयोग कामावर. तिनं आवाज खाली आणला.

"आबा, पुन्हा दिवस राहिलेत. ह्यांना माहीत आहे. आईंना आत्ताच सांगत नाही, गेल्या वेळी त्या फार रडल्या. पण दिवसा घरात कुणाला तरी ठाऊक असावं." मग ती म्हणाली, "शेवट मलाही माहीत नाही."

आबांनी नुसती मान हलवली. ती गेल्यावर मात्र त्यांनी खांद्यावरच्या टॉवेलनं डोळे पुसले.

पुढचे दिवस आबांनी कसे काढले ते त्यांचं त्यांना ठाऊक. इंदापूरला जाणं त्यांनी टाळलं, पेढ्यांचं दुकान वाटेत लागतं म्हणून. पाण्याची घागर वृषालीच्या हातून काढून घ्यायचे आणि फुलाबाईंनी बघितलं तर पायाला व्यायाम पाहिजे म्हणायचे. लखननं एकदा विचारलं, आबा, हल्ली खुशीत दिसता. आबा म्हणाले, पुस्तक चांगलं लागलंय.

तोडणीच्या दिवशी बागेत क्रेट भरले जात होते. फुलाबाई घराकडून पदर खोचत, जवळजवळ पळतच आल्या आणि आबांना हाताला धरून शेततळ्याच्या मागं घेऊन गेल्या.

"आवं, एक सांगते, पर आदी माझ्या गळ्याची आण घ्या. कुनाला बोलायचं न्हाय."

आबांनी आण घेतली.

"वृषालीला दिवस हायती. तिसरा सरला, डाक्टरनं समदं चांगलं हाय म्हनून सांगितलं. मला बी आत्ताच कळलं."

चाळीस वर्षांच्या संसारात पहिल्यांदा आबांना घरातली एक गोष्ट बायकोच्या आधी माहीत होती. ते सांगायला त्यांची जीभ कशी शिवशिवली असेल याची कल्पना करावी. त्यांनी फुलाबाईंच्या तोंडाकडे पाहिलं. उन्हानं आणि आनंदानं ते लालबुंद झालं होतं.

"व्हय?" आबा म्हणाले. "आनी मग?"

फुलाबाईंनी सगळं पहिल्यापासून सांगितलं. आबांनी ते पहिल्यांदाच ऐकावं तसं ऐकलं, योग्य जागी डोळे मोठे केले, डोळ्यांत पाणीही आलं आणि ते खोटं नव्हतं. शेवटी फुलाबाईंनी बजावलं, की तुमच्या पोटात काय राहत न्हाय म्हनून तर पोरीनं तुमाला सांगितलं न्हाय, आता तरी शहाण्यासारखं वागा. आबा म्हणाले, खरं हाय तुझं.

रात्री जेवायला वाढताना वृषालीनं फुलाबाई पाणी आणायला उठेपर्यंत वाट पाहिली आणि हळूच विचारलं, "आबा, तुम्हाला आधीच माहीत होतं, हे आईंना सांगितलं नाहीत?"

आबांनी भाकरी मोडली.

"काय म्हाईत हुतं गं, पोरी?"

वृषालीनं त्यांच्या ताटात न मागता आणखी एक भाकरी वाढली.