डोळ्यात थेंब घातले आणि बाहेर काढलं

थेंब घालून झाले होते. डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या झाल्या होत्या. मी मशीनसमोर बसले, हनुवटी पट्टीवर टेकवली, कपाळ पुढे लावलं. डॉक्टरने दिवा माझ्या डोळ्यावर आणला आणि सवयीने विचारलं, "शुगर, बीपी, दुसरा काही आजार?"

मी सांगितलं, "एचआयव्ही हाय."

दिवा बंद झाला. त्याचं चाकांचं स्टूल मागे सरकलं. मी अजून तशीच, हनुवटी टेकवून. उठायचं की बसायचं, कळेना.

"हे आधी विचारायचं ना," तो सिस्टरला म्हणाला. "मशीन नीट पुसून घ्या. ह्यांना बाहेर पाठवा."

"साहेब, उजव्या डोळ्यापुढं काळं काळं येतंय."

"तुमच्या लोकांसाठी सरकारीत सोय असते. तिकडे जा."

दार उघडं होतं. बाकावरच्या सगळ्यांनी ऐकलं. एका बाईने शेजारी खेळणारी पोरगी उचलून मांडीवर घेतली. माझ्या मागे सिस्टर स्पिरिटच्या बोळ्याने पट्टी घासत होती. मी पायरी उतरायच्या आत.

बाहेर पनवेलचं दुपारचं ऊन. बाहुल्या उघड्या, ऊन सरळ आत घुसलं. रिक्षांचे हॉर्न ऐकू येत होते, रिक्षा दिसत नव्हत्या. मी भिंत धरून उभी राहिले. आईने कोपर पकडलं.

"काय झाला गो? बगला नाय?"

मी काय सांगणार? तुमचे लोक. हे कुठले लोक? आमच्या नेरे गावाकडचे? नवरा मेलेल्या बायका? भाकऱ्या भाजणाऱ्या?

नवरा डंपर चालवायचा. खोकून खोकून गेला. छातीत पाणी झालं, एवढंच सासरच्यांनी सांगितलं. त्याला खरं काय होतं ते कुणाला ठाऊक होतं, हे मला आजही माहीत नाही. तो गेला आणि मी वाळायला लागले. ताप उतरेना. तोंडात पांढरा थर, घास गिळवेना. सरकारी केंद्रात रक्त तपासलं तेव्हा कळलं. तोवर सासरचं दार बंद झालं होतं. मी आईकडे नेऱ्याला आले.

आमच्याकडे हळद असो, साखरपुडा असो, तांदळाच्या भाकऱ्या लागतातच. त्यांची कामं मला यायची. माझी भाकरी फुगायची, फाटायची नाही. आजाराचं गावात कळलं आणि फोन थांबले. कुणी वाईट बोललं नाही. बोलवलंच नाही.

केंद्रातल्या बाईंनी गोळ्या सुरू केल्या तेव्हा बजावून सांगितलं होतं, डोळ्यापुढे ठिपके, जाळी, पडदा, काहीही आलं तर थांबायचं नाही, डोळे दाखवायचे. आणि डॉक्टर कुठलाही असो, आजार लपवायचा नाही. मुंबईच्या मोठ्या दवाखान्यात जा म्हणाल्या होत्या. पण अंगात ताप, पायात जोर नाही. म्हणून पनवेलातला जवळचा गाठला. सांगितल्याप्रमाणे केलं. लपवलं नाही.

पनवेलहून परतताना आई म्हणाली, "दुसऱ्या डॉक्टरला सांगू नको." खारघरला एका डॉक्टरकडे नेलं. मी गप्प बसले. त्याने घाईत बघितलं. सूज आहे म्हणाला, औषध लिहून दिलं. मी ते औषध देवाच्या तीर्थासारखं डोळ्यात घातलं. खरं सांगितलं तर हाकललं, गप्प बसले तर चुकीचं औषध. तिसरा रस्ता मला दिसत नव्हता. डोळ्यातला अंधार मात्र वाढत होता. आधी पाखरं उडाल्यासारखं. मग एका बाजूने पडदा. मग एका सकाळी आई चहा घेऊन समोर आली, आणि उजव्या डोळ्याने बघितलं तर तिचं अर्धं तोंडच नव्हतं.

मग मुंबई गाठली. मोठा सरकारी दवाखाना. केसपेपरवरचा आजार बघून दारावरचा माणूस मोठ्याने म्हणाला, "हिला सगळ्यात शेवटी. तिकडे भिंतीला उभी राहा." राहिले. माझ्यामागून आलेले आत गेले, बाहेर आले, घरी गेले. शेवटी तो म्हणाला, "वेळ संपली. उद्या या."

आईने हात जोडले. "दादा, लांबून आलोय. पोरीला दिसत नाय."

तो तिच्याकडे बघतही नव्हता. ती हात जोडून तशीच वाकली. उन्हातान्हात भाताची लावणी केलेले ते हात. मला सहन झालं नाही. मी ते हात धरून खाली ओढले. आत गेले आणि मशीनसमोर बसले.

"बाई, उठा."

"नाय उठणार."

"वेळ संपली, सांगितलं ना."

"मग लिवून द्या. एचआयव्ही हाय म्हणून बगला नाय, असा लिवा. खाली सही करा. मग उठते."

धाडस वगैरे काही नव्हतं. जायला दुसरी जागाच उरली नव्हती.

आतल्या खोलीतून एक मोठ्या डॉक्टरबाई आल्या. काय चाललंय विचारलं, ऐकून घेतलं. बसल्या. स्वतः थेंब घातले. मग माझं कपाळ बोटांनी धरून नीट टेकवलं. घरच्यांशिवाय कुणी माझ्या तोंडाला हात लावून किती महिने झाले होते. मला रडू आलं. डोळा ठरेना.

"रडून घ्या," त्या म्हणाल्या. "मग बघू."

खूप वेळ बघत होत्या. मग सांगितलं, "डोळ्याच्या आतल्या पडद्याला विषाणूची लागण झालीय. अंगातली ताकद फार कमी झाली की होते. उजव्याचं गेलेलं परत येणार नाही. डाव्यातही सुरुवात आहे. ती थांबवायचा प्रयत्न करू."

"पयल्या डॉक्टरनी तवाच बगला असता तर?"

त्या लिहीत होत्या. पेन थांबलं. "तर उजव्यातलं बरंच वाचलं असतं."

खोटं बोलल्या नाहीत. पण ते वाक्य घेऊन मी कुठे जाऊ?

डोळ्यात इंजेक्शन देतात. सुई येताना दिसते. डोळा मिटता येत नाही, चिमट्याने उघडा धरलेला असतो. आपण फक्त पडून राहायचं. बरोबर गोळ्या, केंद्रातल्या वेगळ्या, इथल्या वेगळ्या. डावा सध्या थांबलाय. सध्या, एवढंच म्हणतात. रोज सकाळी उठले की आधी उजवा डोळा झाकून कौलं बघते. सगळी दिसली की उठते.

उजवीकडून कुणी आलं तर कळत नाही. तव्याचा अंदाज चुकतो, बोटं भाजतात. पाणी पेल्याच्या बाहेर पडतं.

आजारावरून उपचार नाकारायचे नाहीत असा कायदा आहे, हे केंद्रातल्या बाईंनी सांगितलं. मी पनवेलच्या त्या डॉक्टरविरुद्ध तक्रार केली. डॉक्टरचा माणूस नेऱ्याला घरी आला. ओटीवर बसला नाही, अंगणातच उभा राहिला. "ताई, मिटवून टाका. तुमचंच नाव गावभर होईल."

आई घाबरली. "नको गो. घरान बस गप."

मी त्याला सांगितलं, "नाव झालाय माझा. आता त्याचा होऊ दे."

पुढे काय होईल, माहीत नाही. त्याच्याकडे वकील आहे, ओळखी आहेत. कदाचित त्याचा दवाखाना एक दिवससुद्धा बंद राहणार नाही. माझा डोळा तर येणारच नाही.

तरी तक्रारीच्या सुनावणीला बोलावलं की जाणार. डावा राहिला तर बघत जाईन. नाही राहिला तर आईचा खांदा धरून जाईन. सगळ्यांसमोर माझं नाव सांगेन, गाव सांगेन, आजार सांगेन. मग डॉक्टरचं नाव सांगेन. हळू आवाजात नाही.